बदली विद्यार्थिनी

विद्यार्थ्यांचा वेळ वाया जातो, हे इंदूरच्या एका विद्यापीठाच्या अचानक ध्यानात आलं. त्या दिवसांत शहरातल्या एकेका मिलला कुलूप लागत होतं, देशाची दारं मात्र उघडत होती, आणि पीथमपूरला येऊ घातलेल्या कंपन्यांना नुसती शिकलेली मुलं नको होती म्हणे. तेव्हा विद्यापीठाने ‘काल-सदुपयोग प्रकोष्ठ’ नावाचा खास विभाग स्थापन केला. प्रमुख झाले डॉ. प्रतापराव. त्यांचे पूर्वज दरबारात घड्याळांना चावी देत असत, त्यामुळे काळ हा विषय त्यांच्याकडे वंशपरंपरेने चालत आला होता.

परदेशीपुऱ्यातली धम्मदीना त्याच वर्षी बी.ए.ला लागली. आजोबा महूच्या फौजेत, वडील कचरूजी मिलमध्ये मागावर, आणि ही घरातली पहिली कॉलेजवाली. मिल बंद झाल्यावर घरात पगार येणं थांबलं होतं. बँकेच्या परीक्षेला पदवी लागते, एवढं आई मीराबाईने चौकशी करून ठेवलं होतं. म्हणजे मामला सरळ होता: दीनाला बी.ए. व्हायचं होतं, बस.

पण नुसतं बी.ए. होणं हा आता वेळेचा अपव्यय ठरला होता. पदवी हवी असेल तर प्रकोष्ठाचे उपक्रम पुरे करणं सक्तीचं झालं. स्मितहास्य वर्ग होता. हस्तांदोलन वर्ग होता. नेतृत्व शिबिर होतं, त्यात सगळेच पुढे चालायचे आणि मागे कोणी नसायचं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, झाकलेल्या कॉम्प्युटरला लांबून बघायचं आणि परत यायचं. वेळेच्या नियोजनाची कार्यशाळा होती; ती अजून सुरू व्हायची होती.

हे सगळं नेमकं तासांच्याच वेळेला असे. आणि तासांची हजेरीही सक्तीची होती. दीना बिचारी डॉ. प्रतापरावांकडे गेली आणि एकाच वेळी दोन्हीकडे कसं हजर राहायचं, ते तिने अदबीने विचारलं.

“हीच तुमची अडचण आहे,” डॉक्टरसाहेब प्रसन्नपणे म्हणाले. “विद्यापीठाने तुम्हाला दुप्पट संधी दिली, तर तुम्ही एकपटच राहिलात.”

घरी येऊन ती पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन रडत बसली. कचरूजी ऐकत होते. मिल बंद झाली तरी ते भोंग्याच्या वेळेला उठत. भोंगा वाजत नसे, ते आपले उठत. खाकी कपडे घालून मिलच्या गेटापर्यंत जात, कुलूप हलवून बघत आणि घरी परत येत. मीराबाई म्हणे, हे कुलूप ह्यांच्या भरोशावरच टिकलंय.

“अरे, तो इसमें रोने का क्या?” ते म्हणाले. “बदली टाक ना.”

मिलमध्ये तशी रीतच होती. कुणी खाडा केला की गेटावर उभ्या असलेल्या बदलीवाल्यांपैकी एकाला आत घ्यायचे. माणूस बदलला तरी माग चालू राहायचा, आणि मागाचं कापड कोणी विणलं हे कापडाला थोडंच कळतं. कचरूजींचा तर्क असा होता की कॉलेजही काही फार वेगळं नसणार.

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन वर्गात बसले. सरांनी मान खाली घालून हजेरी घेतली. धम्मदीनाचं नाव येताच झुबकेदार मिशांमागून भरदार आवाज आला, “हाजिर.” सर पुढच्या नावाकडे वळले.

बरेच दिवस गेल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं. चौकशी बसली. नियमात हजेरी सक्तीची होती, पण ती कुणाची असावी याविषयी नियम मौन बाळगून होता. डॉ. प्रतापराव तर हरखूनच गेले. एकाच विद्यार्थिनीकडून दुप्पट उपयोग निघाला होता. हेच खरं उदारीकरण, असं म्हणून त्यांनी परिपत्रक काढलं की यापुढे कुणालाही बदली ठेवता येईल.

मग काय, रोज सकाळी विद्यापीठाच्या गेटावर परदेशीपुरा आणि मालवा मिलकडची अख्खी पाळी उभी राहू लागली. चौकीदार गजाननही जुना मिलवाला. तो एकेकाला हाक मारून आत सोडायचा, “चलो भिया, इतिहासात दोन जागा आहेत, भूगोल फुल है.” पोरं तिकडे हसायला शिकत होती. प्राध्यापकांनाही चर्चासत्रांमुळे सवड नव्हती, तेव्हा त्यांनीही बदली ठेवले. अर्थशास्त्राला मागखात्याचा मुकादम आला. पिवळ्या पडलेल्या जुन्या टिपणांवरून त्याने वर्षभर वाचून दाखवलं. फरक कुणालाच जाणवला नाही. त्याच्या तासाला झोप जरा गाढ लागते, एवढंच कचरूजी म्हणत.

दीनाचं स्मितहास्य आता वरच्या श्रेणीचं झालं होतं. हस्तांदोलनात तर तिचा हात धरायला कुणी तयार होईना, इतकी तिची पकड घट्ट झाली. पदवी अगदी समोर दिसू लागली, आणि तेवढ्यात गेटावर लाल झेंडा लागला.

बदलीवाल्यांची मागणी मिलच्या रिवाजाप्रमाणेच होती. इतके दिवस सलग काम केलं, आता आम्हाला कायम करा. संप झाला तर वर्ग ओस पडतील, मग विद्यार्थी कुठून आणायचे? विद्यापीठाने माघार घेतली. कचरूजी कायम विद्यार्थी झाले. दीना वर्षभर एकाही तासाला दिसली नाही म्हणून तिचं नाव कापलं गेलं. पण तिची वर्तणूक हसतमुख होती, म्हणून सहानुभूतीने तिला बदलीत घेण्यात आलं.

आता रोज सकाळी बाप-लेक बरोबर निघत. बाप आत जाई, लेक गेटावर उभी राही. कचरूजींनी खाडा केला तर तिला बसता येणार होतं. पण कचरूजींनी उभ्या आयुष्यात खाडा केला नव्हता.

“बाबा,” एक दिवस तिने गेटावरच त्यांची बाही धरली, “एखादा दिवस बीमार पडा ना. माझ्यासाठी.”

कचरूजी थबकले. गेट उघडं होतं. आतून घंटा ऐकू आली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मिलच्या भोंग्याची सकाळ उतरली.

“पडलो असतो बेटा,” ते चाचरत म्हणाले, “पण किती दिवसांनी एक गेट उघडं मिळालंय.” मग डबा सावरत, जरा खालच्या आवाजात, “तू हलू नकोस इथून. मीही असाच उभा होतो. नंबर येतो.”

नंबर आला नाही. कचरूजी बी.ए. झाले. काळा झगा घालून फोटो काढून आले आणि त्याच झग्यात बँकेत गेले. बँकेने सांगितलं, आपलं वय उलटलंय. दीना गेली, तर तिच्याकडे वय होतं, पण पदवी नव्हती. मीराबाईने विचारून पाहिलं की पदवी ह्यांची आणि वय हिचं, असं मिळून काही जमतं का. साहेब म्हणाले, अजून तरी तशी सोय नाही, वरून काही आलं तर कळवू.

कचरूजींच्या पदवीदान समारंभातच डॉ. प्रतापरावांनी दीनाला ‘विद्यापीठातील काळाचा सर्वोत्तम उपयोग’ हा चषक दिला. ती सुरेख हसली. हस्तांदोलनानंतर डॉक्टरसाहेबांना हाताला पट्टी बांधावी लागली.

तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण भरदिवसा, ऐन कामाच्या वेळेला तुम्ही ही गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत, तेव्हा तुमच्या जागेवर आत्ता कोण बसलंय, ते एकदा डोकावून बघा. खुर्ची रिकामी असेल तर पळा. आणि कुणी डबा उघडून निवांत जेवत असेल, तर मग घाई नको. गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचा. आता तुमच्याकडे वेळच वेळ आहे.