पीपी ई-मेल

"मी करतो की, साहेब. कशाला बाहेरच्याला बोलवायचं?"

पतपेढीच्या सांगली शाखेत एवढ्या वर्षांच्या नोकरीत सौमित्रच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच बाहेर पडलं. (एरवी त्याचं ठरलेलं वाक्य "उद्या बघू" हे होतं आणि त्यात तो सुखी होता.) गोष्ट नव्याण्णव सालची. साताऱ्याच्या मुख्य कचेरीचा हुकूम आला होता, की प्रत्येक शाखेने आपल्या नावाचा ई-मेल पत्ता घ्यावा. कॉम्प्युटरवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून मॅनेजर वीरधवलसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि तेवढ्यात सौमित्रला ही अवदसा आठवली.

"साहेब, नुसता पत्ता विकत घ्यायचा. तो स्वस्तात मिळतो. ई-मेलची पेटी माझी फुकटातली आहेच. शाखेच्या पत्त्यावर आलेलं पत्र आपोआप माझ्या पेटीत पडेल. मी सायबर कॅफेत जाऊन छापून आणीन."

वीरधवलसाहेब कडेगावचे, उसाच्या रानात वाढलेले. पण मुद्दा त्यांनी एका फटक्यात पकडला.

"म्हंजे पीपी नंबर म्हणा की! कार्डावर नाव आमचं, घंटी तुमच्या घरात."

"अगदी तसंच, साहेब."

"लय डोकं हाय तुमाला!"

पीपी नंबर म्हणजे काय, हे सौमित्रला कुणी शिकवायला नको होतं. त्याच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या लीलाबाईंचा नंबर तो सगळ्यांना देई आणि पुढे 'पीपी' लिही. लीलाबाई हाक मारून बोलावत खऱ्या, पण आधी सगळी हकीकत स्वतः ऐकून घेत आणि लहर लागली तर उत्तरही परस्पर देऊन टाकत. "जावईबापूंना शुक्रवारी जमायचं नाही, पोट बिघडलंय त्यांचं," असं त्यांनी एकदा त्याच्या सासूबाईंना कळवलं होतं. पोट खरोखर बिघडलेलं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. ज्याचा फोन, त्याला एवढा हक्क असायचाच, असं सगळी आळी धरून चालत होती.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. साताऱ्याहून परिपत्रकं यायची, सौमित्र ती छापून साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि शाखेत छाती काढून हिंडायचा. मग एके दिवशी कॅफेत त्याने पेटी उघडली आणि एक पत्र तीनदा वाचलं. पत्र मुख्य कचेरीचं होतं, साहेबांच्या नावाने. इंग्रजीत होतं, पण अर्थ स्वच्छ होता: सौमित्रला सांगलीतून हलवण्याचं आपलं फोनवर बोलणं झालंच आहे, तरी त्याच्याबद्दलचं आपलं मत लेखी कळवावं.

हलवायचं कुठे, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच काय? दुष्काळी जतला नवी शाखा उघडत होती आणि तिकडे कुणाला धाडणार, या काळजीने अख्खी सांगली शाखा महिनाभर देव पाण्यात घालून बसली होती. सौमित्रला टँकर दिसला, टँकरपुढची रांग दिसली आणि रांगेच्या शेवटी कळशी घेतलेला स्वतः दिसला.

घरी त्याने बायकोपुढे सहज म्हणून विषय काढला. "समजा, मला जतला टाकलं तर?"

"तर मी साताऱ्याला, आईकडे," शरयू पोळी लाटता लाटता म्हणाली. "तुम्ही या सणावाराला."

शरयूशिवाय घर, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी हाक मारली, "काय सौमित्रराव, साताऱ्याचं काय पत्रबित्र?" तेव्हा "नाही, साहेब" हे दोन शब्द त्याच्या तोंडून इतके बारीक निघाले, की साहेबांनी त्याला आल्याचा चहा पाजला. त्या चहाने भीती जास्तच वाढली. बळी देण्याआधी बोकडालाही ओवाळतात!

अखेर संध्याकाळी तो कॅफेत गेला आणि त्याने लीलाबाईंचा मार्ग धरला. परस्पर उत्तर दिलं. साहेबांच्या वतीने लिहिलं, की या माणसाला धुळीने दमा होतो. (त्याला साधं पडसंही वर्षाकाठी एकदाच व्हायचं.) जतच्या शाखेत कॉम्प्युटर बसणार असल्याचं कानावर होतं, म्हणून खबरदारी घेतली, की कॉम्प्युटरमधलं याला ओ की ठो कळत नाही. सबब, आहे तिथेच बरा आहे. आपला, वीरधवल.

दोन रात्री तो नीट झोपला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"दार लोटून घ्या."

सौमित्रने दार लोटलं आणि तो दारापाशीच उभा राहिला.

"साताऱ्यास्नं फोन आला हुता. पत्राखाली नाव माझं आणि पाठवणारे तुमी! हे कसं काय?"

सौमित्रच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. शाखेच्या पत्त्यावर पत्र फक्त आत येत होतं. बाहेर जायचं, ते त्याच्याच पेटीतून, त्याच्याच नावाने!

"पीपी फोनवर बोलणाऱ्याचा आवाज बदलतोय व्हय?" साहेब म्हणाले. "आवं, साताऱ्याला कॉम्प्युटर विभाग निघतोय. अधिकाऱ्याची जागा. एसी खोली, चपला भायेर काढून आत जायाचं, धुळीचा कण न्हाई! म्याच नाव सुचवलं हुतं तुमचं."

"मग... जत?"

"जतला आकाराम शिपाई आन् त्यो नवा कारकून चाललेत. दोघांनी मागून घेतलंय. गाव हाय त्यांचं."

"साहेब, माझी नोकरी..."

"जात हुती. म्हणून म्या सांगितलं, मजकूर माझाच हाय, सौमित्ररावांनी नुसता टाइप केलाय. नोकरी वाचली गड्या. पर आता त्यो शब्द मला मागं घेता येत न्हाई."

घरी येऊन त्याने शरयूला निम्मीच गोष्ट सांगितली: साताऱ्याची जागा आली होती, अधिकाऱ्याची, पण पत्रात कुणीतरी वाईट लिहिलं आणि ती हुकली.

शरयूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "साताऱ्याला? आईच्या गावाला?" ती लाटणं घेऊनच उठली. "ज्या मेल्याने हे लिहिलं ना, त्याची दाही बोटं झडोत!"

सौमित्रने दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले.