वैफल्याची तालीम

विमा कचेरीत नोकरी करणाऱ्या कवीने बाहेर पडायला घरच्या न्हाणीघराच्या दाराची मूठ ओढली आणि मूठ हातातच आली. दार होतं तिथेच राहिलं.

संध्याकाळी फिल्म क्लबात बंद खोलीत एकट्याच बसलेल्या माणसाचा सिनेमा होता आणि तो संपल्यावर याने आपली दीर्घ कविता वाचायची होती. आयुष्यभर कविता केल्या, पण व्यासपीठावर बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं.

"अगं, कुणी आहे का? दार उघडा!" तो ओरडला.

दुर्दैवाने कविताही अशीच सुरू होत होती. आवाज छान घुमतो म्हणून पंधरवडाभर तो न्हाणीघरातच तालीम करत होता. मध्ये कुणी बोललं की वैफल्य मोडतं, अशी सक्त ताकीदही त्यानेच घरात दिली होती. बायकोने ती इमानेइतबारे पाळली.

"अगं, खरंच अडकलोय!"

"कालच्यापेक्षा बरं जमतंय, नाही?" ती सासूबाईंच्या कानात म्हणाली.

"रोज काहीतरी नवीन घालतो. ऐकवत नाही बाई."

त्याने दार बडवलं. "आई, तू तरी ऐक!"

आईने डोळे पुसले. आपण कवितेत आहोत, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. तालमीत व्यत्यय नको म्हणून बायकोने तो बंद करून टाकला. तालीम संपली की कवी मागून येईलच, असं म्हणत दोघी पाऊल न वाजवता क्लबात पुढच्या खुर्च्या धरायला निघून गेल्या.

बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला, तसा कवी बादली पालथी घालून बसला. माणूस या जगात एकटा आहे, त्याची हाक कुणालाच ऐकू येत नाही, असं त्याने किती कवितांत लिहिलं होतं! पण ते लिहिताना स्वयंपाकघरातून चहा यायचा. आता त्याला खरोखर रडू फुटलं.

रात्री दोघी परतल्या. बायकोने बाहेरची मूठ फिरवली आणि दार मुकाट्याने उघडलं.

"अहो, तुम्ही अजून इथेच?"

"संपलं ना सगळं?" त्याने विचारलं. "हसले असतील मला."

"छे हो! सिनेमा संपला, दिवे लागले, तुमचं नाव पुकारलं. व्यासपीठावर नुसती रिकामी खुर्ची. सगळे बघतच बसले. मग अध्यक्षांनाच रडू आलं, लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेचनात. आम्हाला वाटलं, तुमचं हेच ठरलं असेल."

"आणि कविता?"

"ती कुणी विचारलीच नाही. पण पुढच्या महिन्यात परत कार्यक्रम ठेवलाय तुमचा."

कवीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "मग मी उद्यापासूनच..."

"फक्त," तुटकी मूठ त्याच्या हातातून काढून घेत ती हळूच म्हणाली, "तेव्हाही येऊ नका म्हणालेत."