बुधवारी फाइल पुसणाऱ्या शालनताई

आमच्या चाकणच्या कंपनीत दर बुधवारी जेवणाची सुट्टी संपली की शालनताई गायकवाड कुणाची तरी एक फाइल पुसून टाकतात. चुकून नाही, ठरवून. कुणाची ते आधी सांगत नाहीत. मग खुर्ची मागे सरकवून, हाताची घडी घालून म्हणतात, "चला, आणा परत."

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून परीक्षा बुधवारी. आम्ही गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवतो. ड्रॉइंगं, पगार, बिलं, सगळं रोज संध्याकाळी क्लाउडवर जातं, म्हणजे दूर कुठल्या तरी भाड्याच्या कॉम्प्युटरवर त्याची नक्कल राहते. बाकीच्या कंपन्या एवढ्यावर सुखाने झोपतात. शालनताईंना ते चालत नाही. "बॅकअप आहे" एवढं कानावर पडलं की त्यांचं डोकं फिरतं. "आहे म्हणू नका. आणून दाखवा!"

कॉम्प्युटरचंच नाही, बाईंचं सगळंच असं. कंपनीच्या गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरला स्टेपनी काढायला लावतात आणि हवा दाबून बघतात. मी अकाउंट्सला. माझी जीएसटीची फाइल त्यांनी रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी उडवली होती. मी म्हटलं, "ताई, जीव घ्याल एखाद्याचा."

"माने भाऊ, जिवाचा बॅकअप नसतो. फाइलचा असतो. बसा गप."

चहा येईपर्यंत फाइल परत आली. चहा मात्र मला गेला नाही.

साहेबांनी, म्हणजे मालकांनी, हा खेळ बंद करायला सांगून पाहिलं. ताई म्हणाल्या, "करते की. डेटा गेला तर जबाबदारी माझी, असं लिहून द्या." साहेबांना एकदम कुठलीशी मीटिंग आठवली.

आणि मग तो बुधवार आला. शुक्रवारी एका बड्या गाडी कंपनीचे लोक ऑडिटला येणार होते. त्यांना नव्या डायचं, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याचं ड्रॉइंग दाखवायचं होतं. ताईंनी नेमकं तेच पुसलं. आणि ते परत येईना.

फोनाफोनी झाली. बिल भरायचं कार्ड बदललं होतं, म्हणून क्लाउडवाल्यांनी गेल्या बुधवारनंतर नक्कल घेणं थांबवलं होतं, आणि हे ड्रॉइंग त्यानंतरचं. इशाऱ्याचे मेल जात होते नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाच्या पत्त्यावर. तो बिचारा ते उघडणार कशाला?

साहेब केबिनमधून तीरासारखे आले. "ऑडिट फसलं तर घरी बसायचं मॅडम, सांगून ठेवतो!"

आम्ही सगळे माना खाली घालून कीबोर्डची धूळ पुसू लागलो. ताई मात्र उभ्या राहिल्या.

"बसते साहेब. पण कॉम्प्युटर खरोखर बसला असता आणि त्या दिवशी हे कळलं असतं, तर आपण सगळेच घरी बसलो असतो. तुम्हीसुद्धा." मग पर्स उचलली. "एक नक्कल माझ्या घरी डिस्कवर असते. तुमच्या परवानगीनं. तुम्ही सही करताना वाचत नाही. माने भाऊ, गाडी काढा."

त्यांचं घर देहूरोडला. दोन खोल्या, एकट्याच राहतात. डिस्क लावून त्यांनी ड्रॉइंग उघडलं, कोपरान् कोपरा तपासला आणि म्हणाल्या, "आलं." माझ्या जिवात जीव आला. एवढ्यात शेजारच्या सखूमावशी दारातून डोकावल्या.

"आज दुपारचीच घरी आलीस व्हय? उद्या गुरुवारी सांगणार हुते. तुझ्या आईची ती डब्याची ओवी घावली बघ सकाळी."

ताईंनी ड्रॉइंग तसंच सोडलं आणि मावशींना हाताला धरून आत बसवलं. मला हळूच म्हणाल्या, "आई माझ्यावर ओव्या रचायची. फोनमध्ये तिच्या आवाजात सगळ्या होत्या. फोन बिघडला तेव्हा दुकानवाला म्हणाला, बॅकअप आहे. मी बरं म्हटलं. आई गेल्यावर उघडून पाहिलं, तर काहीच नव्हतं. आता दर गुरुवारी, सुट्टीला, तिच्या मैत्रिणींना जेवढं आठवेल तेवढं रेकॉर्ड करून घेते."

मला फार वाईट वाटलं. ताईंनी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, मावशींनी डोळे मिटले, आणि नेमका माझा फोन थरथरला. साहेब! मी उठू लागलो.

"उचलू नका," ताई कुजबुजल्या. "मावशी मधेच थांबली की तिला पुढचं सापडत नाही."

"ताई, साहेब आहेत."

"असू देत. त्यांचं सापडलंय."

मी फोन बंद केला. मावशींचा आवाज चिरका होता, पण ओळी सरळ येत होत्या:

"माझ्या गं शालनची, कंपनीची गाडी आली,
डबा राहिला चुलीपाशी, लेक उपाशी गं गेली."

रेकॉर्डिंगमध्ये आवाज जाऊ नये म्हणून शालनताई तोंडात ओढणीचा बोळा धरून रडत होत्या.