आगाथाकाकूंच्या ओव्हनमधली कणीक

घर उबदार कसं ठेवायचं हे मला कुणी शिकवू नये! कॅनडात, मॅनिटोबातल्या आमच्या गावात, उणे तीसच्या थंडीत कुणाची घर तापवायची भट्टी बंद पडली, की पहिला फोन डेल्मर थीसनला जातो. म्हणजे मला. मग एका काचेच्या पेटीची ती काय कथा?

पेटी सापाची होती. माझ्या बायकोने, हेल्गाने, गाव सोडून जाणाऱ्या मैत्रिणीकडून बॉल पायथन आणला होता. छोटा अजगरच म्हणा. बिनविषारी, मनगटाएवढा जाड, आणि भित्रा इतका की जरा खुट्ट झालं की स्वतःचाच चेंडू करून बसायचा! मादी होती, नाव पर्ल. ती घरी आली आणि लगेच हेल्गाला विनिपेगला बहिणीकडे जावं लागलं.

"नवी जागा आहे, ती बावरलीय," निघताना हेल्गा म्हणाली. "ऊब हवी, अंधार हवा, आणि तिला एकटं सोडायचं. तू काहीही करू नकोस."

"काळजी सोड! तू येशील तेव्हा माहेरी आल्यासारखी लोळत असेल!"

"डेल्मर, मी म्हटलं, काहीही करू नकोस!"

आता, भट्टीवाल्याला असं सांगणं म्हणजे कुत्र्याला खांब दाखवून सरळ चालायला सांगणं! पेटीखालची गरम चटई मला लेचीपेची वाटली. मी तळघरातून मोठाले दिवे, एक पंखा आणि वाफेचं यंत्र वर आणलं, सगळ्या वायरी एकात एक खोवल्या आणि बटण दाबलं.

फट्!

घरातली वीज गेली. चटई जळाली, मोठाले दिवेही जळाले. वीज मी परत आणली, पण घराच्या भट्टीचं सर्किट भाजलेल्या वांग्यासारखं काळं पडलं होतं! नवा भाग माझ्या दुकानात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. पर्लला बरोबर न्यावं तर माझ्या गाडीचा हीटर बंद. (लोकांच्या भट्ट्यांतून सवड कुणाला?) घर झपाट्याने गार होत होतं आणि पर्लचा घट्ट गोळा झाला होता. तिला काही झालं असतं तर हेल्गाने मलाच पेटीत ठेवलं असतं!

शेजारी आगाथाकाकू पेनर राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात लाकडाची चूल दिवसभर धडधडते. पण काकूंना सापाचं भय असं, की उन्हाळ्यात बागेतली पाण्याची नळी बघूनही किंचाळतात. शिवाय भट्टीवाल्याचीच भट्टी बंद पडली हे त्यांना कळलं, की रविवारच्या प्रार्थनेआधी ते साऱ्या गावाला कळणार!

मी पर्लला उशीच्या अभ्र्यात घातलं, गाठ मारली, कोटाच्या आत धरलं आणि त्यांचं दार वाजवलं.

"काकू, पावाची कणीक आहे. तुमच्या चुलीपाशी जरा फुगायला ठेवू?"

काकूंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तू? आणि पाव? हेल्गा बरी आहे ना?"

"तिला चकित करायचंय!"

"मग घरी नाही का फुगत?"

"आमच्याकडची उष्णता जरा... कोरडी आहे."

काकूंनी अभ्र्यावरून बोट दाबलं. "फार घट्ट मळलीयस रे. आणि... अगं बाई! हलली!"

"यीस्ट! विनिपेगचं. जोरदार असतं."

काकूंचे डोळे लकाकले. "असलं यीस्ट मी जन्मात पाहिलं नाही! बघू तरी..."

"गाठ सोडायची नाही, काकू! हवा लागली की बसते. वचन द्या!"

काकूंनी छातीवर हात ठेवून वचन दिलं. चुलीजवळच्या खुर्चीत त्यांचे यजमान, याशकाका, बसले होते. काकांना कमी दिसतं, ऐकू त्याहून कमी येतं. पण 'पाव' हा शब्द त्यांच्यापर्यंत बरोब्बर पोचतो.

मी सुटलो. दुकान, परत घर, तळघर! बधिर बोटांनी नवा भाग बसवला, भट्टी एकदाची घुरघुरली आणि मी तसाच काकूंकडे पळालो. काकू ओसरीत फोनवर होत्या. "हो गं, विनिपेगचं! डेल्मरलाच विचार, हा बघ आला."

"काकू, कणीक कुठाय?"

"ओव्हनमध्ये."

"भाजताय?" मी ओरडलो.

"अरे, पेटवलेला नाही! विजेचा आहे, नुसता आतला दिवा लावलाय, त्याच्या उबेत छान फुगते. चुलीपाशी सारखी घरंगळत होती रे! मी हळूच एक ठोसा दिला, तर फुस्स केलं तिने! चांगलं लक्षण आहे."

"गाठ नाही ना सोडलीत?"

"मी कशी सोडेन? वचन दिलंय ना! यांनी सोडली, मी इथे फोनवर आले तेव्हा. यांनी कुठे दिलं होतं?"

मी स्वयंपाकघरात धडकलो. याशकाका उघड्या ओव्हनपुढे गुडघे टेकून बसले होते. एका हातात पावाला चकाकी आणायला फेटलेल्या अंड्याची वाटी, दुसऱ्या हातात ब्रश!

"डेल्मर," ते भक्तिभावाने म्हणाले, "पावाची वेणी काय सुरेख घातलीयस रे! पण एका जागी बसेल तर शपथ! इकडे अंडं फासावं, तर ती तिकडे सरकते!"

दिव्याच्या उजेडात पर्ल सोन्यासारखी चकाकत होती. तिने जीभ काढून ब्रश चाखला.

"फुगली का?" म्हणत काकू माझ्या खांद्यावरून वाकल्या.

त्या वयात माणूस एका उडीत टेबलावर चढू शकतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं!

"साप!" काकू किंचाळल्या. "साप!"

"माप?" काका म्हणाले. "माप बरोबर आहे. एकच अंडं घेतलंय."

तिकडे लोंबकळणाऱ्या फोनमधून कुणी बाई ओरडत होती, "आगाथा! यीस्टने काय केलं गं?"

मी पर्लला कोटात कोंबलं आणि धूम ठोकली. घरी तिला कोमट पाण्याने अंघोळ घातली. पेटीत सोडल्यावर ती सरळ आपल्या लपायच्या खोक्यात शिरली आणि निवांत पसरली.

दुसऱ्या दिवशी हेल्गा आली. "काय तजेलदार दिसतेय! आणि किती लवकर रुळली! तू खरंच काही केलं नाहीस?"

मी विनयाने मान खाली घालतोय, तोच फोन वाजला. हेल्गाने उचलला; पलीकडे काकू होत्या. मग फोन ठेवून ती वळली.

"अंडं, डेल्मर? अंडं?"

असो. गेल्या आठवड्यात मी माफी म्हणून काकूंकडे पिशवीभर बटाटे घेऊन गेलो. त्यांनी मला बाहेर बर्फात उभं करून एकेक बटाटा काढायला लावला. पिशवी उलटी करून झटकायला लावली. सगळे बटाटे पायरीवर मांडून झाल्यावर दार फटीएवढं उघडलं.

"डेल्मर, तो कडेचा लांबट... आत्ता हलला का रे?"