परवानगीवाले नाना

इरा आणि ईशान,

परसात ड्रोन उडवून केलेली फिल्म तुम्ही पाठवलीत. पाहताच मी तुमच्या आईला विचारलं, "परवानगी घेतली होती का?" ती हसली. हा प्रश्न खरं तर आमच्या शेजारच्या नानांचा. पुढच्या आठवड्यात ते जळगाव सोडून धुळ्याला लेकीकडे कायमचे जातायत, म्हणून त्यांच्याबद्दल आत्ताच लिहून ठेवते.

संक्रांतीला नाना गच्चीवर उभे राहून मुलांना पतंग खाली घ्यायला लावत. "विमानतळ जवळ शे रे, पोरांहो."

त्यांचा फोटो स्टुडिओ होता. उतारवयात रीतसर शिकून त्यांनी ड्रोनचा परवाना काढला आणि लग्नांचं, केळीच्या बागांचं चित्रण करू लागले. विमानतळाभोवतीचं आकाश नकाशावर रंगवलेलं असतं. हिरव्यात खुशाल उडवा, पिवळ्यात टॉवरला विचारा, लाल भागात सरकारच्या परवानगीशिवाय नाव काढू नका. नानांनी आमची कॉलनीही तशीच वाटून टाकली.

"अक्का, तुमचं स्वयंपाकघर पिवळं. विचारून यायचं," ते मला म्हणाले.

"आनि मन्हं?" त्यांच्या पत्नीनं, सुमनताईंनी विचारलं.

"तुन्हं लाल."

"मंग चहानी परवानगी दिल्लीथीन मांगा."

एका शेठजींनी विमानतळाजवळच्या लॉनवर मुलीचं लग्न ठेवलं. "नाना, दोन मिनिटं उडवा. कोण बघतंय?"

"पायलट बघतो, शेठ."

नानांनी वरात शिडीवर चढून टिपली. शेठजींनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

मग सुमनताई अंथरुणाला खिळल्या. माहेर धावपट्टीच्या पलीकडेच, पण त्यांना गाडीत बसवतही नव्हतं. फोनवर भावाचं तोंड दिसे, गाव दिसत नसे. एक दिवस म्हणाल्या, "माले मन्हं माहेर एकदाव वरतीन दखाडा."

नानांनी लगेच अर्ज केला. उड्डाणाचा हेतू लिहिला, 'पत्नीला माहेर दाखवणे'. अर्ज खुलाशासाठी परत आला.

"नाना, 'छायाचित्रण' लिहा, लवकर सुटेल," मी म्हटलं.

"पण छायाचित्रण नाही ना, अक्का. तिला दाखवायचंय."

त्यांनी खुलासा लिहिला, तोही नको तितका लांब. सुमनताई रोज विचारत, "परवानगी उनी का?" नाना म्हणत, "येई जाई." शेवटी मीच चिडले, की गुपचूप उडवून मोकळे व्हा. ते म्हणाले, "तिथं शिकाऊ वैमानिकांची विमानं उतरतात. आत कोणाची तरी लेक असते."

परवानगी आली तेव्हा सुमनताईंचं तेरावं होऊन गेलं होतं.

ठरलेल्या सकाळी नानांनी तरीही टॉवरला फोन करून ड्रोन उडवला. मी सोबत होते. पडद्यावर विहीर आली, चिंच आली, गच्चीवर वाळत घातलेले पापड आले. अंगणात घरची सगळी माणसं जमली होती. सुमनताईंचे थोरले भाऊ, आबा, धुतलेली टोपी घालून वर बघत होते. त्यांनी हात हलवला.

"दखस ना?" नाना हळूच म्हणाले. "आबा शे."

मी दुसरीकडे पाहिलं.

ड्रोन उतरल्यावर त्यांनी पुन्हा टॉवरला फोन लावला. पलीकडून आपुलकीनं विचारलं, "झालं का काम?"

नानांनी ड्रोनची पाती मिटली. मग म्हणाले, "उड्डाण संपलं, साहेब."

ड्रोन त्यांनी विकून टाकला. ती फिल्म माझ्या फोनवर आहे. तिच्यात सुमनताईंचं माहेर सगळं दिसतं.