काऊनचा पुरावा

खालच्या कोर्टाची चूक वरच्या कोर्टानं नव्या डोळ्यांनी पाहावी, यासारखी उदात्त व्यवस्था दुसरी नाही. फौजदारी अपिलात तर वरच्या कोर्टाला कायद्याबरोबर वस्तुस्थितीही मुळापासून तपासता येते. अल्लीपूरच्या लहानूला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण वस्तुस्थितीशिवाय त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

वस्तुस्थिती अशी : शेजारचे रूपराव शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून पडले, डोकं फुटलं. त्या धुऱ्यावरून दोघांचं भांडण जुनंच होतं, म्हणून त्यांनी लहानूचं नाव सांगून टाकलं. खालच्या कोर्टात साहेबांनी विचारलं, "रूपरावांना का मारलंस?"

लहानू उडालाच. "काऊन मारलं मी त्याले?"

इकडे 'काऊन' म्हणजे 'का'. पण टंकलेखक नुकताच पुण्याकडून बदलून आला होता आणि त्याचं शुद्धलेखन निर्दोष होतं. त्यानं टंकलं : 'कावून मारलं मी त्याला.' (प्रश्नचिन्हाची मग गरज उरली नाही.) कबुली आली, तीन वर्षांची शिक्षाही आली.

अपिलात वकील रत्नदीप यांनी 'काऊन'चा अर्थ घसा कोरडा होईतो सांगितला. वरच्या कोर्टानं मुद्दा वाऱ्यावर सोडला नाही. सगळी कागदपत्रं वाचली आणि थेट शब्दकोश मागवला. त्यात 'कावणे', म्हणजे चिडणे, होतं; 'काऊन' नव्हतं. जो शब्द कोशातच नाही, तो आरोपी कुठून आणणार? (लहानू मागच्या बाकावरच बसला होता. त्यालाच विचारता आलं असतं, पण तो कागदावर नव्हता.) मग कोर्टानं आपला अधिकार पुरेपूर वापरला : आरोपी कावला होता, अर्थात मारण्याचा बेत आधीचा नव्हता. सबब शिक्षा दोन वर्षं.

एवढा कनवाळूपणा पाहून रत्नदीप भारावले. "कांताबाई, एक वर्ष वाचलं!"

"यायनं मारलंच नाई, त वाचलं काय जी?" लहानूची बायको म्हणाली आणि पायऱ्यांवरच रडत बसली.

पोलीस न्यायला आले, तेव्हा लहानूनं एवढंच विचारलं, "पण काऊन?" पोलीस इकडचेच होते, त्यांना शब्द बरोबर कळला. उत्तर देणं मात्र त्यांच्या अधिकारात बसत नव्हतं.

वाचकहो, लहानूच्या बोलण्याचं आपल्याला मघाशी हसू आलं, त्यात गैर काहीच नाही. कोर्टातही सगळे हसले होते.