बापटकाकांची टिकटिक

बेल वाजवली की बापटकाकांच्या दारामागून आधी टिक... टिक... ऐकू येतं. मग दार उघडतं आणि काका किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र तुमच्या छातीवर रोखतात. ते फार वाजलं नाही, तरच "या, बसा."

कोलकात्यातल्या बालीगंजच्या आमच्या इमारतीचा दरवान त्या यंत्राला टरकून असतो. "काकाबाबू भूत गुनछेन," असं तो एकदा माझ्या कानात कुजबुजला. काका भुतं मोजतात यावर त्याचा ठाम विश्वास आहे. दिवे गेलेले असताना जिन्यातून ती टिकटिक खाली उतरू लागली, की माझाही बसतो.

काकांची हयात हावड्याच्या कारखान्यांत वेल्डिंगचे जोड तपासण्यात गेली. गॅमा किरणांनी जोडाचा फोटो काढायचा आणि तेवढा वेळ कोणी जवळ फिरकू नये म्हणून दोर बांधून पहारा द्यायचा. ते किरण दिसत नाहीत की जाणवत नाहीत. म्हणून "वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये भिंत" हे त्यांचं सूत्र, आणि ते पुण्याच्या पाहुण्यांनाही लागू. लग्नाच्या फोटोतही हे हातभर लांबच उभे आहेत, असं काकू म्हणायच्या.

एकदा काकूंची पाठ दुखायला लागली. डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन सांगितला. काका हाय खातील म्हणून गडियाहाटला खरेदीला जातो असं सांगून आम्ही दोघी गुपचूप जाऊन आलो. पुरावा म्हणून परवलाची भाजीही घेतली. पण या स्कॅनआधी किरणोत्सर्गी इंजेक्शन देतात आणि घरी यंत्र आहे, हे काही आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

दार उघडलं. माझ्यापाशीच यंत्र नेहमीपेक्षा जास्त वाजलं. काकूंपाशी तर कढईत मोहरी तडतडावी तसं सुटलं. काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना काही सांगावं लागलंच नाही. आज काकूंपासून जरा लांब बसा असं हॉस्पिटलात सांगितलंय, मी चाचरत म्हणाले.

काकांनी यंत्र बंद केलं, आपली खुर्ची ओढून काकूंच्या खुर्चीला चिकटवली आणि त्यांचा हात धरला.

"आज राहू दे ते अंतर," म्हणाले.

काकू जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा मी त्यांच्याकडे गेले तर काका काकूंच्या रिकाम्या खुर्चीसमोर यंत्र धरून बसलेले. टिक. बऱ्याच वेळाने पुन्हा टिक. मला दरवानाची भुतं आठवली.

"काका, एवढं तर ते कुठेही वाजतं ना? तुम्हीच सांगता, मातीमुळे, आभाळामुळे."

"वाजतं," काका म्हणाले. "माझ्या खुर्चीपाशीही एवढंच वाजतं. मोजलंय मी."

आणि यंत्र तिथेच धरून पुढच्या टिकची वाट बघत राहिले.